घरच्या टपालाचा योगक्षेम

संस्कृतांत ‘योग’ आणि ‘क्षेम’ हे दोन शब्द जोडीनें येतात. जें आपल्यापाशीं नाहीं तें मिळविणें हा योग. मिळालेलें राखणें हा क्षेम. शाळेंत हा समास शिकवितांना मला दर वर्षीं असें आढळून येई कीं, योगाचा अर्थ मुलांस एकदां सांगितला कीं पुरे होई, क्षेमाचा मात्र पुनःपुनः सांगावा लागे. मोठ्या माणसांची स्थिति तरी याहून निराळी कोठें असते? नवें कपाट घरीं येतें त्या दिवशीं लहानथोर दारांत गोळा होतात. पुढें त्याच्या बिजागरीस थेंबभर तेल घालावयास कोणी उठत नाहीं. गेल्या महिन्यांत या सदरांत पोथ्यांना लागणाऱ्या कसरीविषयीं लिहिलें होतें. या खेपेस ज्या वस्तूविषयीं लिहिणार आहें तिला कसर लागत नाहीं, पण राखण पोथीपेक्षांहि अधिक लागते. ही वस्तु म्हणजे आमच्या घरचा ई-मेलचा सर्व्हर.

या शब्दानें वाचकांनीं बिचकूं नये. अंबरनाथ पूर्वेस कानसई भागांत आम्हां तीन भावांचें एकत्र घर आहे. माडीच्या जिन्याखालीं, जेथें आमची आई लोणच्याच्या बरण्या ठेवीत असे, त्याच फळीवर आतां पानाच्या डब्याएवढें एक काळें यंत्र अहोरात्र चालू असतें. घरांतील चौदा माणसांचीं ई-पत्रें प्रथम या डब्यांत येऊन पडतात, आणि येथूनच जगभर जातात. बहुतेक कुटुंबांचें हें काम एखाद्या मोठ्या परदेशी कंपनीच्या यंत्रावर, आणि तेंहि फुकट, होत असतें. म्हणजे पोस्टांत आपल्या नांवाची एक पेटी बिनभाड्यानें मिळावी तसा तो प्रकार. आमच्याकडे पोस्टच घरांत आहे. तेथें मुख्य नोकर दोन. पत्रांची ने-आण करणारा तो ‘पोस्टफिक्स’, आणि आलेलें पत्र ज्याच्या त्याच्या पेटींत ठेवून मागेल तेव्हां दाखविणारा तो ‘डोव्हकॉट’. पहिला प्रोग्रॅम व्हेनेमा या डच शास्त्रज्ञानें लिहून १९९८ सालीं लोकांस दिला. दुसऱ्याचा कर्ता टिमो सिरायनेन हा फिनलंडचा. दोन्ही विनामूल्य मिळतात, आणि त्यांचें मूळ लिखाण ज्यास समजतें त्यास वाचूनहि पाहतां येतें.

हा सारा खटाटोप माझ्या धाकट्या भावाचा. घरांत सारे त्यास नाना म्हणत. तो इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनीअर, आणि हात कधीं स्वस्थ न बसणारा. २०११ सालीं त्यानें हा डबा मांडला तेव्हां मीं त्यास विचारलें होतें, ‘जें फुकट मिळतें तें पदरचे पैसे घालून कशाला करावें?’ त्यावर तो म्हणाला, ‘अण्णा, आपल्याकडे ई-पत्र आलें तेंच मुळीं अशा घरगुती पोस्टांच्या रूपानें.’

हें त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. १९८६ सालीं केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानें ‘अर्नेट’ नांवाची योजना हातीं घेतली. तींत भाग घेणाऱ्या संस्था मोजक्या आठ होत्या. त्यांपैकीं मुंबईंतल्या दोन: जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, ज्याचे संचालक त्या वेळीं डॉ. श्रीनिवासन रमणी होते, आणि पवईची आय.आय.टी. या दोहोंमध्यें १९८७ च्या सुमारास साध्या टेलिफोनच्या तारेवरून ई-पत्रव्यवहार सुरू झाला. जुहू ते पवई हें अंतर तें किती! बसनें निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणापूर्वीं सहज परत यावा. पण तेवढ्या अंतराच्या दोन टोकांस दोन स्वतंत्र पोस्टें होतीं, आणि त्यांनीं एकमेकांस ओळखून पत्र हातोहातीं दिलें, यांतच सारें मर्म आहे. सर्वांचें टपाल सांभाळणारी एखादी मोठी पेढी तेव्हां नव्हतीच. ज्या संस्थेस टपाल हवें तिनें आपलें यंत्र ठेवावें आणि आपणच तें राखावें, अशी रीत होती. तुम्हां-आम्हांस इंटरनेट मिळालें तें पुढें १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमानें सेवा सुरू केली तेव्हां. आणि फुकटच्या पत्रपेट्या त्याच्याहि मागून आल्या.

दोन पोस्टांनीं एकमेकांशीं कसें बोलावें याचे नियम जॉन पोस्टेल या अमेरिकन गृहस्थानें ऑगस्ट १९८२ मध्यें लिहून काढले. मधल्या काळांत त्यांत पुष्कळ भर पडली, पण गाभा तोच आहे. नानानें एकदां तो संवाद मला पडद्यावर दाखविला होता. येणारें यंत्र आधीं नमस्कार करून आपलें नांव सांगतें. मग पत्र कोणाकडून आलें तें सांगतें. यजमान ‘ठीक’ म्हणतो. कोणासाठीं तें सांगतें. यजमान आपल्या घरांत तसें माणूस आहे कीं नाहीं तें पाहून पुनः ‘ठीक’ म्हणतो. त्यानंतर पत्र वाचून दाखविलें जातें, आणि पत्र संपलें हें कळविण्यासाठीं एका स्वतंत्र ओळींत नुसता एक पूर्णविराम दिला जातो. व्याकरण शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माणसास याहून अधिक समाधान काय हवें!

दुसऱ्याच्या जागेंतील पेटी केव्हां बंद होईल याचा नेम नसतो, हें नाना नेहमीं म्हणे. आम्हांस तें अतिशयोक्तीचें वाटे. परंतु जुलै २०२५ मध्यें त्याचा प्रत्यय मुंबईंतच आला. नायरा एनर्जी ही तेल शुद्ध करणारी मोठी कंपनी. कारखाना गुजरातेंत वाडिनार येथें, मुख्य कचेरी मुंबईस. तिच्या भांडवलांत रशियन कंपनीचा वांटा असल्यामुळें युरोपीय संघानें तिच्यावर निर्बंध घातले, आणि मायक्रोसॉफ्टनें तिला देत असलेल्या सेवा थांबविल्या. सेवेचे पैसे भरलेले, कायदा येथला मोडलेला नाहीं, तरी कचेरींतील माणसांस आपलींच पत्रें उघडतां येईनात. कंपनीस दिल्लीच्या उच्च न्यायालयांत जावें लागलें. कांहीं दिवसांनीं सेवा पूर्ववत् झाल्या हें खरें. पण एवढ्या बलाढ्य मंडळींस जेथें वकील उभा करावा लागतो, तेथें आपल्यासारख्या गृहस्थाची पेटी बंद झाली तर त्यानें कोणाचें दार ठोठवावें?

नानाच्या हयातींत मात्र हें वर्तमान घडलें नाहीं. २०२३ च्या वैशाखांत तो अल्पशा आजारानें गेला.

घरांतला कर्ता मनुष्य गेला म्हणजे कोणत्या गोष्टी त्याच्या एकट्याच्या डोक्यांत होत्या तें हळूहळू कळूं लागतें. बँकेचीं कागदपत्रें सांपडलीं, विम्याचीं सांपडलीं. जिन्याखालच्या डब्याची आठवण कोणासहि झाली नाहीं, कारण तो चालत होता. चालत्या गाड्यास खीळ घालूं नये असें आपण म्हणतों. वंगणहि घालूं नये असा त्याचा अर्थ आम्हीं करून घेतला. सुमारें अडीच वर्षें त्या यंत्रास कोणाचा हात लागला नाहीं. त्यावर साठलेली धूळ मात्र आमच्या कुटुंबानें दर शनिवारीं फडक्यानें पुसली, तेवढाच काय तो क्षेम.

२०२५ च्या गणपतींत सूनबाईनें विषय काढला. ती ठाण्यास एका कंपनींत संगणकाचेंच काम करते. ती म्हणाली, ‘अण्णा, नानाकाकांचा सर्व्हर फार जुना झाला आहे. त्याची डागडुजी बंद होऊनहि वर्ष उलटून गेलें.’ मला प्रथम उमगेना. यंत्र तर तेंच, जुनें काय झालें? तेव्हां तिनें समजावून दिलें तें असें. त्या यंत्राची मूळ प्रणाली ‘डेबियन’ नांवाची आहे. जगभरचे स्वयंसेवक ती तयार करतात आणि सुमारें दोन वर्षांनीं तिची नवी आवृत्ति काढतात. जुन्या आवृत्तींत एखादें भगदाड सांपडलें तर तें बुजविण्याचें काम साधारण पांच वर्षें विनामूल्य चालतें, पुढें नाहीं. नानानें शेवटची बसविलेली आवृत्ति दहावी, जुलै २०१९ मध्यें निघालेली. तिची मुदत जून २०२४ मध्यें संपली. म्हणजे घराला कुलूप होतें, पण त्याची किल्ली कशी करावी हें चोरांच्या बाजारांत ठाऊक होत चाललें होतें.

‘आमचीं पत्रें वाचून चोरास मिळणार काय? अक्कांच्या गुडघ्यांची हकीकत?’ असें मीं म्हटलें. त्यावर ती हंसली. चोर पत्रें वाचावयास येत नाहीं. तो आपल्या नांवानें लक्षावधि लोकांस फसवीं पत्रें धाडावयास येतो. तसें एकदां झालें कीं जगांतील पोस्टें आपल्या घराचें नांव वाळींत टाकतात, आणि तें परत पंक्तींत घ्यावयास महिनोन्महिने जातात.

रविवारीं घरांत खल झाला. पुण्याचा पुतण्या फोनवर होता. त्याचें मत सरळ होतें: ‘अण्णा, हा उपद्व्याप बंद करा. मोठ्या कंपनीकडे सगळें नेऊन टाकूं. तुमच्या वयाला हें कशाला?’ तें अगदींच चुकीचें नव्हतें हें मी येथें कबूल करतों. माझा मधला भाऊ गप्प होता, म्हणजे त्याचेंहि मत तेंच. मग माझी धाकटी भावजय, जी अशा बैठकींत सहसा बोलत नाहीं, ती एवढेंच म्हणाली, ‘तुम्हांला जें करायचें असेल तें करा. त्यांची बदली झांशीला होती तीं दोन वर्षें ते रोज रात्रीं मला लिहीत होते. तीं सगळीं त्या डब्यांत आहेत. तेवढीं जाऊं देऊं नका.’ त्यानंतर यंत्र ठेवावें कीं काढावें यावर पुढें कोणी बोललें नाहीं. आतां प्रश्न कसें राखावें एवढाच उरला.

राखावयास निघालों तों पहिला धक्का बसला. यंत्राचा पासवर्ड कोणास ठाऊक नव्हता. नानाच्या टेबलाच्या खणांत एक निळी वही मिळाली. तींत डब्याविषयीं सारें बारकाईनें लिहिलें होतें, पण पासवर्डाच्या जागीं खुणेपुरतें एक वाक्य होतें: ‘आईचें माहेर आणि बाबांचा सायकलीचा बिल्ला.’ आईचें माहेर घरांत सर्वांस माहीत. पण १९६८ सालीं बाबांच्या सायकलीस असलेल्या नगरपालिकेच्या पितळी बिल्ल्यावरचा आंकडा आतां जगांत एकट्या माझ्या लक्षांत होता, आणि तोहि अशासाठीं कीं तो बिल्ला हरवल्याबद्दल मार मला बसला होता. सूनबाईनें पासवर्ड म्हणून त्याची अगदींच कच्च्यांत गणना केली; तरी दार उघडलें.

दार उघडल्यावर दुसरी गोष्ट कळली ती अधिक भयंकर. आमच्या पत्त्यांतील ‘@’ या चिन्हापुढचें नांव, ज्यास डोमेन म्हणतात, तें विकत मिळत नसतें. वर्षांच्या बोलीनें भाड्यानें मिळतें. नानानें तें एकदम कांहीं वर्षांसाठीं घेतलें होतें, आणि मुदत संपण्यास अवघे अकरा दिवस उरले होते. भाडें भरण्याच्या सूचना वेळच्या वेळीं आल्या होत्या. त्या नानाच्याच पेटींत जाऊन पडत होत्या. तीं पत्रें उघडणारें माणूस उरलें नव्हतें, आणि ज्या कार्डावरून पैसे आपोआप जावयाचे तें बँकेनें बंद केलें होतें. तें नांव सुटलें असतें आणि दुसऱ्या कोणीं घेतलें असतें, तर आमच्या चौदाहि जणांचीं पुढचीं पत्रें त्याच्या घरीं जाऊं लागलीं असतीं. बँकांची पत्रेंहि, विम्याचींहि. त्याच संध्याकाळीं पैसे भरून तें नांव पांच वर्षांसाठीं घेतलें आणि मालकीच्या जागीं नानाचें नांव काढून माझ्या चिरंजीवाचें घातलें. हें करतांना सूनबाई थोडा वेळ थांबली होती. सातबाऱ्यावरचें नांव बदलतांना जसें होतें तसें कांहींसें तिला झालें असावें.

तिसरी गोष्ट बॅकअपाची, म्हणजे प्रतीची. रोज रात्रीं दोन वाजतां साऱ्या पत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर व्हावी अशी व्यवस्था नानानें केली होती, आणि ती होत आहे या भरंवशावर आम्ही होतों. डिस्क पाहिली तों ती चौदा महिन्यांपूर्वींच भरून गेली होती. यंत्र रोज रात्रीं प्रयत्न करी, जागा नाहीं म्हणून सोडून देई, आणि तसें नानास लिहून कळवी. अशीं चारशेंवर पत्रें नानाच्या पेटींत न उघडलेलीं होतीं. यंत्रानें आपलें कर्तव्य चोख बजावलें होतें. दोष कोणाचा, हें वाचकांस सांगावयास नको.

नवी डिस्क आणून प्रत केली. पण सूनबाईचें म्हणणें असें कीं, परत उभी करून पाहिल्यावांचून प्रतीस प्रत म्हणूं नये. म्हणून माडीवरच्या एका अडगळींतल्या संगणकावर, इंटरनेटची तार न जोडतां, सारें घर पुनः मांडून पाहिलें. झांशीचीं पत्रें उघडलीं. भावजयीनें स्वतः दोन उघडून पाहिलीं आणि संगणक बंद करून खालीं गेली. मग त्याच जुन्या यंत्रावर आवृत्ति बदलण्याची रंगीत तालीम केली. दहावीवरून एकदम तेरावीवर उडी मारतां येत नाहीं. एकेक इयत्ता चढावी लागते. दहावीची अकरावी, अकरावीची बारावी, बारावीची तेरावी. ही शिस्त मला फार आवडली. हल्लीं शाळांतून तेवढी उरलेली नाहीं.

बारावीपर्यंत विशेष कांहीं घडलें नाहीं. तेरावींत, जी ऑगस्ट २०२५ मध्यें निघाली, डोव्हकॉट अडून बसला. तींत त्याची २.४ ही आवृत्ति येते, आणि तिच्या कर्त्यांनीं सूचना लिहिण्याची रीतच पालटली आहे. जुनी सूचनावही नव्या डोव्हकॉटास वाचतांच येत नाहीं. तो चुकीची ओळ दाखवितो आणि काम थांबवितो. आतां वहीच्या आरंभींच ती कोणत्या आवृत्तीच्या नियमांनीं लिहिली आहे हें सांगावें लागतें. पत्रें कशीं आणि कोठें ठेवावीं हें पूर्वीं एका ओळींत सांगत. आतां प्रकार एका ओळींत, जागा दुसऱ्या ओळींत. पत्रव्यवहार वाटेंत कोणास वाचतां येऊं नये म्हणून जो दाखला लागतो त्याच्या ओळीचें नांवहि निराळें. जुन्या सूत्रांवर नवें भाष्य लिहिलें तर समजूं शकतें. येथें सूत्रेंच नवीं. दोन सायंकाळ खपून सूनबाईनें सारी वही नव्यानें लिहिली. मी नानाची निळी वही वाचून दाखवीत होतों आणि ती जुनी ओळ कोणत्या हेतूनें होती तें विचारीत होती. कांहीं ठिकाणीं नानानें हेतु लिहिला होता, कांहीं ठिकाणीं नव्हता. जेथें नव्हता तेथेंच वेळ गेला.

प्रत्यक्ष काम तुळशीचें लग्न आटोपल्यावर एका शनिवारीं केलें. सकाळीं नऊपासून चारपर्यंत आमचें पोस्ट बंद होतें. मला सारखी धास्ती वाटे कीं या सात तासांत आलेलीं पत्रें हरवतील. तीं हरवत नाहींत. घर बंद आढळलें तर पाठविणारें यंत्र पत्र आपल्यापाशींच ठेवतें आणि ठराविक वेळानें पुनः येऊन दार वाजवितें. पोस्टफिक्समध्यें ही मर्यादा, आपण मुद्दाम बदलली नाहीं तर, पांच दिवसांची असते. त्यानंतर तें पत्र धन्याकडे परत करतें. इतका धीर पूर्वीं मनीऑर्डर आणणाऱ्या पोस्टमनांत असे. चार वाजतां दार उघडलें आणि बाहेर थांबलेलीं पत्रें एकामागून एक आंत आलीं. सूनबाईनें यंत्रास नमस्कार केला. मीं हात जोडले ते तिलाच.

पण काम संपलें नव्हतें. मीं त्याच रात्रीं इंदूरच्या अक्कांस सविस्तर पत्र लिहिलें होतें. तीन दिवसांनीं त्यांचा फोन आला: ‘अरे, तुला वेळ नसतो का हल्लीं? एक ओळ नाहीं तुझी.’ पत्र त्यांच्याकडे पोंचलें होतें, पण कचऱ्याच्या पेटींत, ज्यास स्पॅम म्हणतात तेथें. अक्कांची पेटी मोठ्या कंपनीकडे आहे, आणि ह्या कंपन्या आतां अनोळखी पोस्टांकडून आलेल्या पत्रांची कसून चौकशी करतात. गूगल व याहू यांनीं फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम अधिकच कडक केले. आमच्या नांवानें कोणतें यंत्र पत्रें धाडूं शकतें याची जाहीर यादी असावी लागते, तिला एस.पी.एफ. म्हणतात. प्रत्येक पत्रावर आमच्या किल्लीनें उठविलेली मोहोर हवी, ती डी.के.आय.एम. यादी किंवा मोहोर जुळली नाहीं तर पत्राचें काय करावें याची सूचना आमच्याकडून लागते, ती डी-मार्क. शिवाय इंटरनेटवरील आमच्या आंकडी पत्त्यावरून उलट विचारलें तरी आमचेंच नांव निघालें पाहिजे. हें सर्व नानानें केलें होतें. पण आवृत्ति बदलतांना किल्लीच्या फाइलीची मालकी बदलली, आणि मोहोर उठविणारा लहानसा प्रोग्रॅम सुरूच झाला नाहीं. मोहोर नसली तरी पत्र अडवूं नये, अशी सूचना नानानेंच कधीं काळीं घाईंत लिहून ठेवलेली होती. म्हणून तीन दिवस आमचीं पत्रें बिनमोहोरेचीं जात राहिलीं आणि कोणासच कळलें नाहीं. सूनबाईनें मालकी दुरुस्त केली आणि ती सूचना उलट फिरविली: मोहोर नसेल तर पत्र दारांत थांबावें. थांबलेलें पत्र निदान दिसतें.

आतां आमच्याकडे एक नेम झाला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारीं, चहा झाल्यावर, सूनबाई आणि माझा पंधरा वर्षांचा नातू जिन्याखालीं बसतात. डेबियनकडून आलेल्या दुरुस्त्या बसवावयाच्या. डिस्कवर जागा किती उरली तें पाहावयाचें. दाखल्याची मुदत नव्वद दिवसांची असते आणि तो आपोआप नवा होतो, पण खरोखरच झाला कीं नाहीं तें डोळ्यांनीं पाहावयाचें. आणि प्रतींतून कोणतेंहि एक पत्र काढून उघडून बघावयाचें. यंत्राच्या तक्रारी आतां दोन जिवंत माणसांच्या पेट्यांत जातात. निळ्या वहीची दुसरी प्रत मीं माझ्या हातानें लिहिली, प्रत्येक ओळीपुढें हेतूसह, आणि नवे पासवर्ड एका बंद लिफाफ्यांत घालून देवघराच्या खणांत ठेवले. नातवास मीं सांगितलें आहे कीं वाचलेलें विसर, पण वही कोठें आहे तें विसरूं नकोस. येथून जवळच आमचें शिवमंदिर आहे. त्यांतील शके ९८२ च्या, म्हणजे इ. स. १०६० च्या, शिलालेखांत शिलाहार राजाचें नांव आढळतें. त्यानंतर तेथें ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या झाडलोट केली त्यांचें कोठेंच आढळत नाहीं. निळ्या वहींत तरी दर महिन्यास कोणीं काय केलें तें नांवनिशीवार लिहावें असा माझा आग्रह असतो. नातू त्यास कंटाळतो.

वाचकांपैकीं कोणी हें वाचून उत्साहानें असा डबा मांडावयास निघतील तर मी त्यांस थांबवीन. घरांत जाणतें माणूस एकच असेल तर मुळींच मांडूं नये. आमची गत काय झाली ती वर सांगितलीच आहे. इंटरनेट पुरविणाऱ्यांकडून स्थिर पत्ता घ्यावा लागतो, त्याचे महिन्याला जास्त पैसे पडतात. घरगुती जोडणीवरून पत्रें बाहेर जाण्याची वाट बहुधा बंदच ठेवलेली असते, ती उघडवून घ्यावी लागते. १९९८ पासून काम करणारी ‘स्पॅमहाउस’ नांवाची संस्था घरगुती पत्त्यांची एक यादी ठेवते आणि त्यांवरून थेट आलेलीं पत्रें पुष्कळ पोस्टें नाकारतात. त्या यादींतून आपला पत्ता काढवून घ्यावा लागतो. त्यापेक्षां ज्यांस झेपणार नाहीं त्यांनीं पेटी खुशाल दुसऱ्याकडे ठेवावी. मात्र ‘@’ पुढचें नांव घराच्या मालकीचें असावें, म्हणजे एका पेढीशीं बिनसलें तर पत्ता न बदलतां दुसरीकडे जातां येतें. भाड्याची तारीख भिंतीवरच्या पंचांगांत लिहून ठेवावी. आणि वर्षांतून दोनदां आपल्या साऱ्या पत्रांची प्रत घरांतल्या डिस्कवर उतरवून घ्यावी. पुण्याच्या पुतण्यानें एवढें केलें आहे. पुतण्या आणि मी, दोघेहि आपापल्या जागीं समाधानी आहों.

आमच्या भागांत पुष्कळदां शुक्रवारीं दुरुस्तीसाठीं वीज बंद असते. इन्व्हर्टर तीन तास पुरतो, पुढें डबा गप्प होतो. परवांच्या शुक्रवारीं सकाळीं गेलेली वीज पांच वाजतां आली. नातवानें यंत्र पाहिलें आणि ओरडून सांगितलें कीं बाहेर सात पत्रें थांबलीं होतीं, तीं आंत आलीं. त्यांत एक अक्कांचें होतें, दुपारी बारा वाजतां इंदुराहून निघालेलें. ओल्या हळदीचें लोणचें आई कसें घालीत असे तें भावजयीनें त्यांस विचारलें होतें, त्याची कृति त्यांनीं मोजमापासह लिहून धाडली होती. मोहरी किती घ्यावी याबद्दल आमच्या कुटुंबाचें आणि भावजयीचें अद्याप एकमत झालेलें नाहीं. अक्कांस पुनः विचारणारें पत्र काल रात्रीं गेलें आहे.